शिकाऊ डॉक्टरांच्या वाटा : मुंबई, गोवा आणि भाषेचा हिशेब

व्याख्यानाचे संपादित शब्दांकन



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की हे डॉक्टरांच्या परिषदेत बोलायचं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत कशाला? थोडा धीर धरा. हा विषय डॉक्टरांइतकाच तुमच्या-माझ्यासारख्या रुग्णांचा आहे.

एमबीबीएस झाल्यावर मोठ्या रुग्णालयात राहून, दिवसरात्र वॉर्डात राबून विशेषज्ञ होण्याचं जे शिक्षण असतं, त्याला आज आपण रेसिडेन्सी म्हणतो. कोण कुठे रेसिडेन्सी करतो? कोणत्याही घरात विचारा, उत्तर ठरलेलं: मार्क किती, ब्रांच कोणती, पैसा किती. तिन्ही उत्तरं खरीच आहेत. पण मागची पावणेदोनशे वर्षं बघितली तर या तिन्हींच्या आधी भाषा येते. तुम्ही कोणत्या भाषेत शिकलात, यावर कोणत्या गावाचं जहाज तुम्हाला मिळणार हे ठरायचं. तिथे पोहोचल्यावर कोणतं काम वाट्याला येणार, हे धर्म, जात, रंग, घरच्यांची भीती, म्हणजे एकूण संस्कृती ठरवायची. आणि या सगळ्यात खाटेवर पडलेल्या माणसाची भाषा कुणी विचारात घेतली का, हे आज बघायचं आहे.

त्यासाठी आपल्याच किनाऱ्यावरची दोन शहरं घेऊ. मुंबई आणि पणजी.

मराठीतला वर्ग आणि १८३५ चा निर्णय

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचं शिक्षण सुरू झालं ते १८२६ साली, आणि ते देशी भाषांतून. जॉन मॅक्लेनन नावाच्या डॉक्टरांच्या हाताखाली ही शाळा चालायची. शरीररचना वगैरे विषयांची पुस्तकं त्यांनी मराठी-गुजरातीत आणायचा खटाटोप केला. सरकारला हवे होते ते पलटणींसाठी आणि दवाखान्यांसाठी मदतनीस. मोठे डॉक्टर नव्हेत. १८३२ मध्ये ही शाळा बंद पडली.

कलकत्त्यातही असंच. तिथे १८२२ पासून देशी भाषेत शिकवणारी एक संस्था होती. जोडीला संस्कृत कॉलेजात आणि मदरशात वैद्यकाचे वर्ग होते. जानेवारी १८३५ मध्ये लॉर्ड बेंटिंकने हे सगळं एका हुकुमाने बंद केलं आणि कलकत्ता मेडिकल कॉलेज काढलं. माध्यम इंग्रजी. मेकॉलेची ती प्रसिद्ध टिपणी फेब्रुवारी १८३५ ची, म्हणजे अगदी त्याच दिवसांतली.

या निर्णयाचे परिणाम दोन. एक आपल्याला पाठ आहे: पुस्तकं, संशोधन, नवं ज्ञान थेट हाती आलं. दुसऱ्याकडे आपलं लक्ष कमी जातं. इंग्रजीत शिकलेला विद्यार्थी पुढच्या शिक्षणासाठी बोटीत बसू शकत होता. देशी भाषेत शिकलेल्याला तो रस्ताच नव्हता. दहा वर्षांत याचा पुरावा मिळाला. मार्च १८४५ मध्ये कलकत्ता कॉलेजचे चार विद्यार्थी द्वारकानाथ टागोर आणि प्राध्यापक गुडीव यांच्याबरोबर लंडनला निघाले. त्यांपैकी सूर्यकुमार चक्रवर्ती १८५५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले, असे पहिले भारतीय. या नोकरीची स्पर्धापरीक्षा व्हायची लंडनला. म्हणजे हिंदुस्थानातल्या सरकारी डॉक्टरकीच्या सर्वांत वरच्या पायरीवर चढायचं तर आधी समुद्र ओलांडायचा. समुद्र ओलांडला की जातीत प्रायश्चित्त. पारशी आणि ख्रिस्ती कुटुंबांना ही अडचण नव्हती. सनातनी हिंदू घरात मात्र मुलाच्या हुशारीआधी आजीचं रडणं आड यायचं. भाषेने दार उघडलं, पण उंबरठा ओलांडायला परवानगी घरातून लागायची.

१८४५ मध्येच मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. शेजारी सर जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय, आपलं जेजे. माध्यम अर्थातच इंग्रजी. पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाज स्थापन करणारे आत्माराम पांडुरंग होते, आणि वनस्पतिशास्त्रात नाव कमावलेले जोझे कामिलो लिस्बोआ होते. आता गंमत बघा. भाऊ दाजी मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. लिस्बोआ बार्देशातल्या आसगावचे. दोघेही गोव्याचे, एक हिंदू, एक ख्रिस्ती, आणि दोघेही डॉक्टर झाले ते मुंबईत, इंग्रजीतून.

पणजीहून जाणारी जहाजं

पण तोवर गोव्यात वैद्यकीय शाळा निघालेली होती. ग्रँटच्याही तीन वर्षं आधी, १८४२ मध्ये. मुंबई ते पणजी अंतर साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. रोग तेच: देवी, पटकी, हिवताप. माणसं तीच, कोकणी आणि मराठी बोलणारी. शिक्षणाचं माध्यम मात्र पोर्तुगीज. आणि एवढ्या एका फरकामुळे दोन्हीकडच्या पदवीधरांच्या वाटा दोन वेगळ्या महासागरांकडे वळल्या.

मुंबईचा पदवीधर लंडन, एडिंबरोची स्वप्नं बघायचा. गोव्याचा पदवीधर मोझांबिक, अंगोला, गिनीला जायचा, पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींमध्ये सरकारी डॉक्टर म्हणून. त्या वसाहतींना पोर्तुगीज बोलणारा, उष्ण हवा सोसणारा आणि लिस्बनच्या डॉक्टरपेक्षा स्वस्तात मिळणारा माणूस हवा होता. गोव्याच्या शाळेने तो पुरवला. पण तिथे त्याचा दर्जा दुय्यम. खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा असेल तर गोव्याची पदवी पुरत नसे. लिस्बन, पोर्तो किंवा कोइंब्राला जाऊन पुन्हा शिकावं लागे. आफ्रिकी लोकांच्या दृष्टीने तो साहेबाचा माणूस, आणि साहेबाच्या दृष्टीने तो आपल्यातला नव्हे. मधल्या पायरीवर अडकलेला हा डॉक्टर आपल्या इतिहासात फारसा कुणी बघितलेला नाही.

गोव्याच्या आतही भाषेने माणसं वाटली. पोर्तुगीज शिक्षण घेणारी कुटुंबं सुरुवातीला मुख्यतः ख्रिस्ती, त्यातही वरच्या जातींची. हिंदू घरांत शिक्षण मराठीचं. त्यामुळे बऱ्याच हिंदू मुलांना पणजीची वैद्यकीय शाळा घराजवळ असूनही दूर होती आणि मुंबई दूर असूनही जवळ होती. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर चित्र बदललं, हिंदू विद्यार्थी त्या शाळेत अधिक दिसू लागले. पुंडलिक गायतोंडे हे त्या वाटेवरचं ठळक नाव. गोव्यात शिकले, पुढे लिस्बनला शिकले, शस्त्रवैद्य होऊन परतले. १९५४ मध्ये एका मेजवानीत कुणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच असं बोललं, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे निषेध नोंदवला. त्याबद्दल त्यांना पकडून पोर्तुगालला नेण्यात आलं. ज्या भाषेने त्यांना लिस्बनला नेलं, तिच्याच दरबारात त्यांनी नाही म्हटलं.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये जुन्या शाळेच्या जागी गोवा मेडिकल कॉलेज आलं आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं. माध्यम इंग्रजी. म्हणजे सव्वाशे वर्षं लिस्बनकडे आणि लुआंडाकडे जाणारी वाट जवळजवळ एका रात्रीत मुंबई आणि लंडनकडे वळली. रुग्ण तेच, इमारत तीच. बदलली फक्त शिकवायची भाषा. भाषा वाट आखते, या म्हणण्याला याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

दोन प्रकारचे डॉक्टर

पुन्हा मुंबईकडे येऊ. इंग्रजीत शिकलेले मूठभर पदवीधर एवढा मोठा इलाखा सांभाळू शकत नव्हते. म्हणून १८६१ मध्ये ग्रँट कॉलेजातच मराठी आणि गुजरातीचे वर्ग काढले गेले. तिथे शिकून हॉस्पिटल असिस्टंट व्हायचं. मराठी वर्गाला शिकवणाऱ्यांत सखाराम अर्जुन होते. वनस्पतिशास्त्राचे जाणकार, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. पुढे १८७८ मध्ये पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल निघालं, तेही याच जातीचं.

या वर्गांतून निघालेला माणूस तालुक्याच्या दवाखान्यात बसायचा आणि रुग्णाशी त्याच्याच बोलीत बोलायचा. पण पगार कमी, मान कमी, आणि पुढच्या शिक्षणाची वाट बंद. मराठीत शिकलेल्याला लंडनची कोणती परीक्षा? पुढे या शाळांतही इंग्रजी आली, तरी लायसेन्सिएट हा खालचा आणि पदवीधर हा वरचा, ही उतरंड राहिलीच. १९४६ च्या भोर समितीच्या वेळी देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांत निम्म्याहून बरेच अधिक हे लायसेन्सिएट होते. समितीने शिफारस केली की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा असावा, विद्यापीठाचा पदवीधर. ती मान्य झाली. दुय्यम डॉक्टर आणि त्यामुळे दुय्यम रुग्ण, हा भेद मोडणं योग्यच होतं. पण त्याबरोबर रुग्णाच्या भाषेत शिकवायची सवयही गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

स्त्रियांची वाट आणखी वळणाची. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. इंग्लंड सोडून अमेरिका का? कारण गोपाळरावांनी इंग्रजीत लिहिलेलं पत्र एका अमेरिकी मिशनरी मासिकात छापलं गेलं आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी ते वाचलं. भाषेने ओळख जुळवली. पण निघण्याआधी सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंना उभं राहून सांगावं लागलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. त्यांचा प्रबंध होता प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला शिकायला गेल्या, वरची पदवी त्यांनी ब्रसेल्सहून घेतली, आणि काम केलं सुरत-राजकोटला. दोघींच्या वाटा इंग्रजीने उघडल्या. पण दोघींची गरज कशामुळे होती? पुरुष डॉक्टरला दाखवायला बायका तयार नव्हत्या म्हणून. म्हणजे रुग्णाच्या संस्कृतीमुळे.

लंडनचा शिक्का

१९२६ मध्ये परळला शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम सुरू झालं. देणगीदारांची अट अशी की प्राध्यापक पात्र भारतीय असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत. राष्ट्रीय बाण्याचं कॉलेज. पण पात्र कुणाला म्हणायचं? पहिले डीन डॉ. जीवराज मेहता हे ग्रँट कॉलेजनंतर लंडनला एम.डी. झालेले. यात त्यांचा दोष काही नाही. परक्यांची सत्ता नको म्हणणाऱ्यांनाही मोजपट्टी परक्यांचीच घ्यावी लागली, कारण आपली नव्हतीच. १९३० मध्ये लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानातल्या पदव्यांची मान्यता काढली तेव्हा केवढा गहजब झाला. त्यातूनच १९३३ चा कायदा आणि आपली मेडिकल कौन्सिल आली.

स्वातंत्र्यानंतर हे थांबायला हवं होतं. उलट वाढलं. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिला डॉक्टर कमी पडू लागले. आपल्याकडे मुलं वाचत होती हचिसन आणि बेली-लव्ह. वॉर्डातले शब्द हाउसमन, रजिस्ट्रार. सगळं तिथलंच. मग तिकडे जाणं म्हणजे परदेशी जाणं वाटतच नव्हतं. १९६० च्या दशकात तिथल्या शिकाऊ डॉक्टरांपैकी फार मोठा हिस्सा भारतीय उपखंडातला होता.

पण भाषा येते म्हणून गेलेल्यांना कोणती कामं मिळाली? वृद्धांचे विभाग, मनोरुग्णालयं, उत्तरेकडची गिरणगावं, वेल्समधल्या खाणीची गावं. जिथे इंग्रज डॉक्टर जायला नाखूश, तिथे आपला. लंडनच्या नामांकित शिकवणीच्या रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रियेची जागा मिळणं दुर्मीळ. मोझांबिकमधल्या गोवेकर डॉक्टरची आठवण झाली ना? साम्राज्य वेगळं, हिशेब तोच.

शिवाय पुस्तकातली इंग्रजी एक आणि यॉर्कशायरच्या आजोबांची दुसरी. ‘पुअर्ली’ म्हणजे बरं वाटत नाही. ‘वॉटरवर्क्स’मध्ये बिघाड म्हणजे लघवीचा त्रास. ‘स्पेंड अ पेनी’ म्हणजे लघवीला जाणं. शेक्सपिअर पाठ असलेला मुलगाही इथे गोंधळणार. १९७५ मध्ये ब्रिटनने भारतीय पदव्यांची थेट मान्यता पुन्हा काढली आणि परदेशी डॉक्टरांसाठी इंग्रजीसह परीक्षा लावली. पहिल्या खेपांना पुष्कळ जण नापास झाले. अपमान झाला असं आपल्याकडे अनेकांना वाटलं. त्या निर्णयात वर्णभेदही होता, हे नाकारायचं कारण नाही. पण एक साधी गोष्ट त्यांनी मान्य केली होती: रुग्णाचं बोलणं कळणं हाही डॉक्टरकीचा भाग आहे.

अमेरिकेने ते आधीच केलं होतं. परदेशी पदवीधरांची परीक्षा तिथे १९५८ पासून आहे, आणि इंग्रजीची चाचणी तिच्या जोडीला होती. १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेला कोटा गेला आणि वाट लंडनहून न्यूयॉर्क-शिकागोकडे वळली. हाउसमन हा शब्द मागे पडून ‘रेसिडेंट’ आपल्याकडे रुळला, तोही याच काळात. आज जर्मनीला जाणारी आपली मुलं बी-टू पातळीची जर्मन शिकतात. वर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा: रुग्णाची विचारपूस करायची, मग त्याची माहिती लिहून काढायची, मग वरिष्ठाला सांगायची. सगळं जर्मनमध्ये. त्याशिवाय वॉर्डात पाऊल नाही.

आणि आपल्या वॉर्डात?

आता घरी येऊ. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर जागा राज्याराज्यांत कोंडून ठेवायला मर्यादा घातली. त्यातून अखिल भारतीय परीक्षा आली, राष्ट्रीय कोटा आधी २५ टक्के, मग २००५ मध्ये ५० टक्के झाला. २९ जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने पदव्युत्तर जागांसाठी रहिवासावर आधारलेलं आरक्षणच घटनाबाह्य ठरवलं. भूमिका स्पष्ट: विशेषज्ञ घडवताना गुणवत्ता बघा, देशाचे सगळे नागरिक समान.

मला हे पटतं. याच न्यायाने नांदेडची मुलगी चंदीगडला जाते, साताऱ्याचा मुलगा दिल्लीला जातो. त्यांना तिथे ‘बाहेरचे’ म्हटलेलं आपल्याला आवडेल का? मग जयपूर-विजयवाड्याहून संभाजीनगरला आलेल्यांनाही म्हणू नये.

पण वॉर्डात काय होतं ते बघा. जालन्याकडची बाई सांगते, “दोन दिसापासून अंगात कसकस हाय, जीव घाबरा व्हतोय, छातीत चमक निघते.” कसकस म्हणजे ताप नव्हे, तापाची चाहूल. चमक म्हणजे सतत दुखणं नव्हे, क्षणात येऊन जाणारी कळ. जीव घाबरा होणं म्हणजे भीती वाटणं असेलच असं नाही, हृदयाची धडधड असेल, दम लागत असेल. या तीन शब्दांत निम्मं निदान आहे. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला हिंदी येतं, बाईला जेमतेम. मग दुभाषा कोण? वॉर्डातल्या मावशी, नाहीतर सिस्टर, नाहीतर बाईचा बारा वर्षांचा मुलगा. आईच्या अंगावरून जाण्याबद्दल मुलगा काय सांगणार?

जर्मनी परक्या डॉक्टरला जर्मन शिकवल्याशिवाय जर्मन रुग्णाजवळ जाऊ देत नाही. आपण मराठी, कन्नड, ओडिया रुग्णाच्या बाबतीत असा विचारच केला नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला स्थानिक भाषेचे काही तास ठेवलेत, चांगलं आहे. पण रेसिडेन्सीसाठी माणूस नव्या राज्यात येतो तेव्हा त्याला काही नाही. आता तर रेसिडेंटला तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काम करायचं असतं. तिथे तर मावशीशिवाय गत्यंतर नाही.

यावर भाषेची परीक्षा लावून दार बंद करावं असं मी म्हणत नाही. ते हत्यार कुणाच्या हाती जाईल आणि कशासाठी वापरलं जाईल, हे सांगायला नको. मला वाटतं दारातून आत आल्यावर शिकवावं. रुजू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रोज एक तास. व्याकरण नको, साहित्य नको. दुखण्याचे शब्द, विचारपुशीची वाक्यं, जिल्ह्याजिल्ह्यातली बोली. शिकवायला त्याच मावशी, त्याच सिस्टर, आणि त्याचं मानधनही त्यांना द्यावं. ही मुलं हुशार आहेत. तीन हजार औषधांची नावं पाठ करणाऱ्याला तीनशे मराठी शब्द जड नाहीत.

सखाराम अर्जुनांच्या वर्गात भाषा होती पण पुढची वाट नव्हती. आजच्या रेसिडेंटला सगळ्या वाटा मोकळ्या आहेत, फक्त समोरच्या बाईचं बोलणं कळत नाही. १८३५ पासून आपण असंच मानत आलो की या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. ते खरं होतं, जोवर मोजपट्टी लंडनची किंवा लिस्बनची होती. आता परीक्षा आपली, कॉलेजं आपली, नियम करणारेही आपणच. तेव्हा लंडनला दोष देण्याची सोय उरलेली नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. सभागृहात डॉक्टर मंडळी बसली आहेत, त्यांनी आधी विचारावेत.